मोबाईलद्वारे शेतीज्ञानाचा प्रसार : आरंभ कसा करावा?

कुंडलिकेकाठच्या रोहा-अष्टमी परिसरात भातकापणीनंतर जमिनीतील ओलीवर वाल घेतात. हा अनुभव यूट्यूबवर मांडू इच्छिणाऱ्या शेतकरी बंधूंनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. आरंभी एकच पीक निवडावे. पेरणीपासून पोपटीच्या शेंगांपर्यंत त्याच शेताची चित्रफीत दर आठवड्यास, ठरल्या वारी द्यावी. खंड पडल्यास प्रेक्षक दुरावतात.

२. चित्रण सकाळच्या उजेडात, मोबाईल स्थिर धरून करावे. विषय पहिल्याच वाक्यात सांगावा.

३. प्रथम गावच्या व्हॉट्सॲप गटास चित्रफीत पाठवावी. प्रत्येक प्रश्नास उत्तर द्यावे. नवे विषय त्यांतूनच सुचतात.

४. कीड ओळखल्यावाचून औषध सुचवू नये. २०१८ साली महाराष्ट्रात मक्यावर अमेरिकन लष्करी अळी आली. तिच्या डोक्यावर उलट्या ‘वाय’ अक्षराची खूण व शेपटीकडे चौकोनात चार ठिपके असतात. अशा खुणा जवळून घेतलेल्या स्पष्ट छायाचित्रातच दिसतात. शंका असल्यास ते छायाचित्र किल्ला-रोहा येथील कृषी विज्ञान केंद्रास दाखवावे.

प्रेक्षकसंख्या सावकाश वाढते. परंतु चुकीच्या सल्ल्याने शेजाऱ्याचे पीक गेले, तर गेलेला विश्वास परत मिळत नाही. ग्रामसेवकांनी ही गोष्ट नवशिक्यांच्या मनावर प्रथम बिंबवावी.