आजचं चिंतन : गीता ६.१६-१७ – जेवणाचं माप कुणाचं?



आज सहाव्या अध्यायातले सोळावा आणि सतरावा हे दोन श्लोक एकत्र घेतेय. सुटे वाचले तर अर्धाच अर्थ हाती लागतो.

सोळाव्यात भगवंत अर्जुनाला सांगतात, की फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. झोपेचंही तसंच, फार झोपणाऱ्याला नाही आणि सतत जागणाऱ्यालाही नाही. सतराव्यात पुढची पायरी येते. ज्याचं खाणं, फिरणं, काम, झोप आणि जागणं 'युक्त' आहे, त्याचं दुःख योग दूर करतो.

"जिभेवर ताबा ठेव" हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पण न खाणाऱ्यालाही योग नाही, हा भाग माझ्या कानावर फार कमी वेळा आला. आपल्या वयाच्या मुलामुलींना मात्र आज त्याचीच जास्त गरज आहे असं मला वाटतं.

माझी मावसबहीण पंचवीस वर्षांची आहे. रोज जिम, फोनवर प्रत्येक घासाची नोंद, भात बंद, तूप बंद. घरच्या सत्यनारायणाला तिने प्रसादाचा शिरा हातात घेतला, कपाळाला लावला आणि हळूच आईच्या वाटीत टाकला. "आज खाल्लं तर उद्या एक तास जास्त पळावं लागेल," म्हणाली. तीन महिने तिला पाळी आली नव्हती. डॉक्टरांनी तपासण्यांच्या आधी पहिला प्रश्न विचारला, "तू पोटभर जेवतेस का?" (तुमच्यापैकी कुणाचं असं होत असेल तर कृपा करून आधी डॉक्टरांना भेटा. चिंतन नंतरही वाचता येईल.)

तिला आळस किंवा हावरटपणा कधीच नव्हता. होती ती शिस्त, आणि भरपूर. म्हणून मला 'युक्त' या शब्दापाशी थांबावंसं वाटलं. 'योग' ज्या धातूपासून आला, त्याच 'युज्' पासून 'युक्त' आलाय. जोडलेलं, जुळणारं. पण कशाशी जुळणारं?

शंकराचार्यांचं भाष्य इथे फार उपयोगी पडतं. सोळाव्या श्लोकावर लिहिताना ते शतपथ ब्राह्मणातल्या एका वचनाचा आधार देतात. त्याचा आशय असा, की स्वतःच्या मापाचं अन्न माणसाला राखतं, त्याहून जास्त खाल्लं तर ते इजा करतं आणि कमी खाल्लं तर राखत नाही. म्हणजे माप ज्याचं त्याचं. रीलवर पोटाच्या घड्या दाखवणाऱ्या मुलाचं जे माप, ते दिवसभर लॅपटॉपसमोर बसून संध्याकाळी लोकलमध्ये उभी राहणाऱ्या मुलीचं असेलच असं नाही. त्याच भाष्यात पोटाची वाटणीही आहे. अर्धं पोट अन्नाला, पाव पाण्याला आणि पाव वाऱ्याला फिरायला मोकळं. आणि ते अर्ध्या पोटाचं अन्न नुसतं कोरडं सांगितलेलं नाही, तोंडीलावण्यासकट सांगितलंय! मला हे वाचून फार बरं वाटलं.

ज्ञानोबा माऊलींनी हेच मराठीत आणलं. आहार घ्यावा, पण युक्तीच्या मापाने मोजून घ्यावा. मोजकं बोलावं, मोजकी पावलं चालावं, आणि झोपेलाही वेळेवर मान द्यावा. झोपेला मान! रात्री दीडपर्यंत फोन आणि साडेपाचला जिमचा गजर, हे आपल्याकडे मेहनतीचं लक्षण मानलं जातं. या दोन श्लोकांत मात्र खाण्याचा विषय जितक्या वेळा येतो तितक्याच वेळा झोपेचा येतो. डाएटवर आपण तासन्‌तास बोलतो, झोपेवर कुणी बोलत नाही.

मग गोडाधोडाचं काय? त्यासाठी सतराव्या अध्यायात जावं लागतं. तिथे सात्त्विक आहाराची लक्षणं सांगताना आयुष्य, बळ, आरोग्य यांच्याच रांगेत सुख आणि प्रीती बसवली आहेत. अन्न रसाळ हवं, स्निग्ध हवं, मनाला आवडणारं हवं. उकडीच्या मोदकावरची तुपाची धार या यादीत बसते, असं मी तरी समजते. याउलट शिळं, चव गेलेलं अन्न तामस म्हटलंय. रविवारी शिजवून शनिवारपर्यंत डब्यात पुरवलेलं ब्रोकोली-चिकन कुठे बसतं, ते तुमचं तुम्ही ठरवा.

आणखी एक गोष्ट, जी मी आधी कधी एकत्र वाचली नव्हती. आहाराचा हा विषय सुरू होण्याच्या लगेच आधी, पाचव्या-सहाव्या श्लोकांत, भगवंत दंभाने आणि अहंकाराने शरीराला पिडणाऱ्या तपाबद्दल बोलतात. ते म्हणतात, असे लोक शरीराला आणि आत राहणाऱ्या मलाही कष्ट देतात. या शब्दांपुढे मी बराच वेळ बसले.

व्यायाम सोडा असं याचा अर्थ कुणी काढू नये. बलोपासनेसाठी गावोगावी मारुती स्थापन करणाऱ्या समर्थांच्या महाराष्ट्रात तसं म्हणायची सोयच नाही. मी स्वतः आठवड्यातून चार दिवस वजनं उचलते. पण सहावा अध्याय ध्यानाचा आहे, हे विसरून चालत नाही. पोट गच्च भरलेलं असलं की ध्यान पोटातच अडकतं, रिकामं असलं तरी पोटातच. कॅलरी मोजत बसलो तरीही तिथेच.

सत्यनारायणाचा शिरा नीट पाहा. रवा, तूप, साखर, सगळं सव्वा मापाने, कशातही कंजुषी नाही. पण हातावर मिळतो तो तळहातावर मावेल इतकाच. बहिणीला मी हे सांगितलं तेव्हा ती हसली, "म्हणजे पोर्शन कंट्रोल!" म्हणाली. तिच्याच भाषेत का होईना. परवा आषाढी एकादशीला तिने फोन करून विचारलं, उपास धरू का? मी म्हटलं, यंदा नको, डॉक्टरांनी सांगितलंय तसं दोन वेळा नीट जेव आणि दर्शनाला जाऊन ये. ती वरणभात जेवून गेली.

उद्या अठरावा श्लोक घेऊ.

राम कृष्ण हरी.