रेडिएटर मोठा नको, हवेला वाट द्या

घरी बांधलेली किट कार तापायला लागली की पहिला आळ रेडिएटरवर येतो. मग मोठा रेडिएटर आणला जातो, दुसरा पंखा बसतो, आणि तरीही ट्रॅफिकमध्ये काटा चढायचा तो चढतोच. माझं ठाम मत आहे की अशा गाडीत रेडिएटरला दोष देण्याआधी पाइपांची मांडणी तपासावी. भरताना आत राहिलेल्या हवेला बाहेर पडायला वाटच ठेवलेली नसते, आणि मूळ दुखणं बहुधा तिथेच सापडतं. रेडिएटर बदलून ते जात नाही. उलट पैसे आणि उमेद दोन्ही खर्ची पडतात.

ही अडचण किट कारलाच का भेडसावते, याचं उत्तर तिच्या घडणीत आहे. कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली आणलेली लोटस सेव्हन, १९७३ पासून तिचा वारसा चालवणारी केटरहॅम, आणि त्याच वळणाच्या ब्रिटनमधल्या इतर गाड्या, या सगळ्यांचं नाक बुटकं आणि रेडिएटर त्या नाकात खाली बसवलेला. इंजिन मात्र एखाद्या नेहमीच्या गाडीतून काढलेलं, फोर्ड एस्कॉर्टचं किंवा सिएराचं. जुन्या एस्कॉर्टमध्ये रेडिएटर उभा आणि उंच असे; पाण्यातली हवा त्याच्या वरच्या टाकीत, टोपीखाली आपोआप जमे. तेच इंजिन बुटक्या नाकामागे बसवलं की सगळ्यात उंच जागा रेडिएटरमध्ये उरत नाही. ती होते हेडच्या वरच्या टोकाला, थर्मोस्टॅटच्या घरात किंवा हीटरच्या पाइपात. हवा तिथेच जाऊन बसते. आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीजवळ प्लंबर एक उघड्या तोंडाचा पाइप उभा ठेवतो, तो याचसाठी. तो नसला तर नळाला हवा धरते आणि टाकी भरलेली असूनही खालच्या मजल्यावर पाणी येत नाही. गाडीतही हेच होतं. फरक इतकाच की इथे पाणी अडलं तर हेड वाकतं.

वाटीभर हवेने एवढं काय बिघडतं, असं कुणी विचारेल. पाण्याची उष्णता वाहून नेण्याची ताकद हवेच्या वीसपटीहून जास्त आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपासच्या धातूला पाण्याऐवजी हवा भिडली की तेवढाच भाग भडकतो, शेजारचं पाणी उकळतं आणि त्याच्या वाफेने पोकळी आणखी वाढते. वॉटर पंप फिरत्या पात्यांचा असतो. त्याला पाणी ढकलता येतं, फेस ढकलता येत नाही. आणि सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे तापमानाचा सेन्सर हवेच्या पोकळीत सापडला तर तो खोटं सांगतो. काटा निवांत असतो आणि हेडगॅस्केट जळत असतं. म्हणून ‘काटा ठीक आहे’ एवढ्या आधारावर नव्या गाडीची खात्री मी कधीच देणार नाही.

उपाय महाग नाही, पण तो चेसिस उघडी असतानाच करावा लागतो. संपूर्ण व्यवस्थेतल्या सर्वांत उंच जागी, म्हणजे बहुधा फायरवॉलवर, दाब सोसणारी एक्स्पान्शन टाकी बसवावी आणि दाबाची टोपी तिच्यावरच असावी. हेडच्या आणि रेडिएटरच्या सर्वांत उंच बिंदूंपासून सहा ते आठ मिलिमीटरचे बारीक पाइप सतत चढते ठेवून तिच्यात, पाण्याच्या पातळीच्या वर सोडावेत. ते वाटेत कुठेही झोळ खाता कामा नयेत, आणि जाडही असू नयेत, नाहीतर रेडिएटर टाळून गरम पाणी तिथूनच पळेल. टाकीच्या तळातून एक जाड पाइप पंपाच्या तोंडाशी न्यावा. सगळ्यात कमी दाब तिथेच असतो. टाकीतलं पाणी त्याला आधार देतं, म्हणून पंपात बुडबुडे होत नाहीत आणि जोरात रेस केल्यावर खालचा होज आत ओढला जाऊन चपटा होत नाही. रेडिएटरमधून सांडलेलं पाणी धरणारी प्लास्टिकची बाटली म्हणजे ही टाकी नव्हे. त्या बाटलीत दाब नसतो, आणि दाबाचं मोल मोठं आहे: एक बारच्या टोपीखाली साधं पाणीसुद्धा शंभराऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळतं. टाकी काठोकाठ भरू नये. २० पासून १०० अंशांपर्यंत तापताना पाणी सुमारे चार टक्के फुगतं. सहा लिटरच्या व्यवस्थेत हे पाव लिटरच्या आसपास होतं, आणि कूलंट मिसळलं की त्याहून थोडं जास्त.

हवेइतकीच दुर्लक्षित गोष्ट म्हणजे बायपास. थर्मोस्टॅट बंद असतानाही इंजिनमध्ये पाणी फिरत राहायला हवं. अनेक इंजिनांत ही वाट हीटरमधून जाते. वजन वाचवायला हीटर काढून दोन्ही तोंडं बुच मारून बंद केली की हेडमधलं पाणी थांबतं, थर्मोस्टॅटपर्यंत उष्णता उशिरा पोहोचते आणि तो एकदम उघडून हेडमध्ये गार लोट सोडतो. रोव्हरचं के-सिरीज इंजिन हा यातला बोलका दाखला. त्यात पाणी मुळात थोडं आणि थर्मोस्टॅट पंपाच्या गार बाजूला. एमजीएफ आणि लोटस एलिसमध्ये ते इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे गेला, तेव्हा लांब पाइपांत गार झालेल्या पाण्याचे झटके त्याला सोसावे लागले. त्याच्या हेडगॅस्केटच्या बदनामीला इतरही कारणं होती, हे मान्य. पण पुढे लँड रोव्हर फ्रीलँडरवर दाबानुसार उघडणारा वेगळा थर्मोस्टॅट दिला गेला, तो हेच झटके कमी करण्यासाठी.

‘थर्मोस्टॅटच काढून टाका’ असा सल्ला नेहमी मिळतो. ज्या इंजिनात थर्मोस्टॅट उघडताना बायपास बंद करतो, तिथे तो काढला की बायपास कायमचा उघडा राहतो आणि गरम पाणी रेडिएटरला न शिवता परत इंजिनात येतं. त्या सल्ल्याला विरोध करताना सांगितला जाणारा एक समजही चुकीचा आहे. ‘पाणी हळू गेलं तर जास्त गार होतं’ हे रेडिएटरमधल्या एका थेंबापुरतं खरं, पण तो थेंब तितकाच वेळ जास्त इंजिनातही तापत असतो. प्रवाह वाढला की रेडिएटरचं सरासरी तापमान वाढतं आणि तो हवेला जास्त उष्णता देतो. ‘जितके पाइप जास्त तितक्या गळतीच्या जागा जास्त’ ही हरकत मात्र रास्त आहे. तिचं उत्तर चांगल्या जोडात आहे. धातूच्या पाइपाच्या टोकाला उंचवटा काढलेला असावा, म्हणजे दाबाने होज निसटत नाही. आणि इंजिन माउंटिंगवर हलतं, म्हणून इंजिन व चेसिस यांच्यामध्ये रबराचा लवचिक तुकडा हवाच. मोठ्या रेडिएटरबद्दल एवढंच: हवा त्याच्या फटींतून जाण्याऐवजी बाजूच्या मोकळ्या जागेतून निघून जात असेल, तर आकार वाढवून काही मिळत नाही. आधी बाजूची ती मोकळी जागा फोम किंवा पत्र्याने बुजवा.

मधल्या भागात इंजिन असलेली गाडी बांधणाऱ्यांनी लांब पाइपांच्या प्रत्येक उंच वळणावर हवा सोडायचा स्क्रू ठेवावा. फॉर्म्युला भारतसाठी गाडी बांधणाऱ्या आपल्या अभियांत्रिकीच्या मुलामुलींनाही हेच सांगेन. मोटरसायकलचं इंजिन वेगळ्या चौकटीत बसवताना त्याच्या मूळ रेडिएटरची उंची हरवते, ती कागदावरच तपासा. पाणी भरताना गाडीचं नाक उचलून धरा, हीटरचा नळ पूर्ण उघडा ठेवा आणि सावकाश भरा. पहिल्या काही फेऱ्यांनंतर प्रत्येक वेळी पातळी पाहा. ती थोडी खाली जात असेल तर आतली हवा बाहेर येते आहे, जातच राहिली तर गळती शोधा. आणि टोपी उघडायची ती इंजिन हाताला गार लागल्यावरच. दाबाखालचं शंभरापुढचं पाणी टोपी सैल होताच वाफ होऊन तोंडावर येतं.