फायरप्लेस इन्सर्ट : खरं इंजिन चिमणीत असतं

इंग्रजी सिनेमात बाहेर बर्फ पडायला लागला की हॉलमध्ये फायरप्लेस पेटलेली दिसते. हिरो-हिरॉइन ब्लँकेट गुंडाळून समोर बसलेले असतात. आपल्याला वाटतं, किती उबदार घर आहे! पण थर्मल इंजिनिअरिंगच्या पेपरात ही फायरप्लेस नापास होईल. विटांच्या साध्या, उघड्या फायरप्लेसची कार्यक्षमता जेमतेम १० टक्क्यांच्या आसपास असते. बाकीची उष्णता चिमणीतून आकाशात जाते आणि जाताना खोलीतली गरम हवाही ओढून नेते. तेवढीच थंड हवा मग दारा-खिडक्यांच्या फटींतून आत येते. म्हणजे समोर बसलेल्यांचे पाय शेकतात आणि मागच्या बेडरूममधले लोक कुडकुडतात.

यावरचा उपाय म्हणजे इन्सर्ट. जुन्या फायरप्लेसच्या पोकळीत बसेल अशी पोलादाची किंवा बिडाची बंद पेटी, पुढे जाड काचेचं दार, आत फायरब्रिक आणि हवा कमी-जास्त करायचा दांडा. चांगल्या इन्सर्टची कार्यक्षमता ६५ ते ८० टक्क्यांपर्यंत जाते. अमेरिका, कॅनडा आणि इंग्लंडमध्ये अशी कितीतरी घरं आहेत. एमएस करायला तिकडच्या थंड राज्यांत जाणाऱ्यांना भाड्याच्या जुन्या घरात ही वस्तू भेटू शकते. तेव्हा ती दिसायला सोपी आहे म्हणून फसू नका. चुकीच्या पद्धतीने बसवलेला इन्सर्ट घराला आग लावू शकतो किंवा झोपेत माणसाचा जीव घेऊ शकतो.

या लेखात एकच गोष्ट सांगायची आहे. लोक पेटी विकत घेतात, पण यंत्र म्हणजे पेटी अधिक चिमणी. त्यातलं इंजिन चिमणी आहे.

थोडा इतिहास

बेंजामिन फ्रँकलिन म्हटलं की आपल्याला पतंग आणि वीज आठवते. याच फ्रँकलिनने १७४० च्या दशकात फायरप्लेससाठी लोखंडी पेटी तयार केली आणि १७४४ साली तिची माहिती देणारी पुस्तिका छापली. पेटंट देऊ केलं असताना त्याने घेतलं नाही. कल्पना अशी होती की धूर सरळ वर न सोडता आधी खाली वळवायचा, म्हणजे त्यातली उष्णता लोखंडात उतरेल. कागदावर उत्तम! पण धूर खाली जायला तयार नसतो. विस्तव मंद झाला किंवा चिमणी थंड असली की तो खोलीत यायचा. पुढच्या कारागिरांनी ही खाली वळणारी वाट काढून टाकली. शेवटी चिमणीचंच खरं ठरलं.

दुसरा धडा १९७३ च्या तेलसंकटानंतरचा. तेल महागल्यावर अमेरिकेत लोक पुन्हा लाकडाकडे वळले आणि इन्सर्टचा खप वाढला. अनेक घरांत पेटी नुसती पोकळीत ढकलली गेली आणि तिचा धूर जुन्या रुंद चिमणीत मोकळा सोडला गेला. या प्रकाराला तिकडे ‘स्लॅमर’ म्हणतात. अशा चिमण्यांत काजळी साचून आगी लागल्या. असं का होतं, ते गणिताने बघू.

ड्राफ्टचं गणित

बॉयलरच्या धड्यातला नॅचरल ड्राफ्ट आठवा. आतला गॅस गरम म्हणून हलका, बाहेरची हवा थंड म्हणून जड. दाबातला फरक असा :

दाबफरक = गुरुत्वत्वरण × चिमणीची उंची × (बाहेरच्या हवेची घनता − आतल्या गॅसची घनता)

चिमणी ६ मीटर उंच आणि बाहेर ० अंश सेल्सिअस धरू. बाहेरच्या हवेची घनता १.२९ किलो प्रति घनमीटर. आतला गॅस सरासरी २०० अंशांवर असेल आणि तो हवेसारखाच धरला, तर त्याची घनता सुमारे ०.७५. उत्तर येतं सुमारे ३२ पास्कल. घर्षणाने यातला काही भाग जातो, तो वेगळाच. वातावरणाचा दाब एक लाख पास्कलच्या वर असतो, म्हणजे इन्सर्ट चालतो तो फक्त पाण्याच्या ३ मिलिमीटर उंचीएवढ्या दाबावर!

आता हाच गॅस ८० अंशांपर्यंत थंड झाला असं समजा. घनता १.० होते आणि दाबफरक १७ पास्कलवर येतो. म्हणजे ओढ जवळपास निम्मी झाली. चिमणीतला गॅस गरम ठेवणं का महत्त्वाचं, ते यावरून कळतं.

बसवताना : लायनर सर्वांत आधी

जुन्या फायरप्लेसची चिमणी उघड्या आगीसाठी बांधलेली असते. तिचं आतलं माप १२ इंच × १२ इंच असेल तर क्षेत्रफळ १४४ चौरस इंच. इन्सर्टच्या तोंडाला बऱ्याचदा ६ इंच व्यासाचा पाइप लागतो, म्हणजे सुमारे २८ चौरस इंच. स्लॅमरमध्ये गॅस २८ मधून एकदम १४४ मध्ये येतो. कंटिन्युइटीच्या समीकरणाप्रमाणे वेग साधारण पाचपट कमी होतो. गॅस थंड विटांजवळ रेंगाळतो आणि साधारण १२० अंशांच्या खाली गेला की त्यातली न जळलेली डांबरी वाफ भिंतीवर चिकटते. हेच क्रिओसोट. आधी भुकटीसारखं, मग पापुद्र्यांसारखं आणि शेवटी काळ्या चकचकीत काचेसारखं घट्ट. ते पेटलं तर चिमणीत १००० अंशांच्या वर तापमान जाऊ शकतं. विटांना तडे जातात आणि मागच्या लाकडी चौकटीला आग लागते. तिकडची घरं बहुतेक लाकडाची असतात, हे विसरू नका.

म्हणून कामाचा क्रम असा ठेवावा :

१) स्थानिक बांधकाम खात्याची परवानगी घ्यावी. घराच्या विमा कंपनीलाही कळवावं.

२) चिमणी झाडून, आत कॅमेरा सोडून तपासून घ्यावी. अमेरिकेतल्या एनएफपीए २११ या मानकात तपासणीच्या तीन पातळ्या आहेत. चिमणीला नवीन उपकरण जोडताना दुसरी पातळी लागते.

३) इन्सर्टच्या तोंडापासून चिमणीच्या टोकापर्यंत सलग स्टेनलेस स्टीलचा लायनर टाकावा. जुनी डॅम्परची झडप आड येत असेल तर काढावी. लायनरभोवती इन्सुलेशन द्यावं, म्हणजे गॅस गरम राहतो.

४) डॅम्परच्या जागी लायनरभोवती पत्र्याची प्लेट बसवून पोकळी बंद करावी. नाहीतर खोलीतली ऊब लायनरच्या बाजूने वर निघून जाते.

५) टोकावर पावसाची टोपी लावावी. चिमणी छपरातून जिथे बाहेर येते तिथून किमान ३ फूट उंच हवी आणि १० फुटांच्या आत छपराचा जो भाग असेल त्याच्यापेक्षा २ फूट उंच हवी. हा नियम ३-२-१० म्हणून पाठ करतात.

६) पुढे न जळणारी फरशी आणि वरच्या लाकडी फळीपासूनचं अंतर मॅन्युअलमध्ये दिलं आहे तेवढंच ठेवावं. ‘चालतंय की’ इथे चालत नाही.

पेटीचं वजन दीड-दोनशे किलो भरू शकतं आणि छपरावर चढून काम करायचं असतं, त्यामुळे प्रशिक्षित माणसाकडून बसवून घेणंच शहाणपणाचं.

अजून एक. मोठा इन्सर्ट म्हणजे चांगला इन्सर्ट, असं नाही. छोट्या खोलीत मोठी पेटी बसवली की खोलीची भट्टी होते. मग लोक हवा बंद करून आग धुमसत ठेवतात आणि क्रिओसोट वाढतं.

लाकूड : सुक्याबरोबर ओलं

‘सुक्याबरोबर ओलंही जळतं’ अशी आपली म्हण आहे. इन्सर्टमध्ये मात्र ओलं नीट जळत नाही, फक्त धुमसतं. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्मं पाणी असू शकतं. एक किलो घेतलं तर अर्धा किलो पाणी. ते २० अंशांवरून उकळून वाफ करायला सुमारे १३०० किलोज्यूल लागतात. उरलेल्या अर्धा किलो कोरड्या लाकडात साधारण ९२०० किलोज्यूल असतात, म्हणजे १४ टक्के तिथेच गेले. खरं नुकसान पुढे आहे. आगीचं तापमान खाली येतं आणि लाकडातून निघणारा गॅस न जळताच वर जातो. कोरड्या लाकडाचं साधारण ८० टक्के वजन गॅसच्या रूपाने बाहेर पडतं. आपण ज्याला ज्वाळा म्हणतो, ती या गॅसची असते. आधुनिक इन्सर्टमध्ये वरच्या बाजूला नळ्या असतात, त्यांतून गरम हवा सोडून हा गॅस पुन्हा जाळतात. त्यासाठी सुमारे ६०० अंश लागतात. कॅटॅलिस्ट असेल तर साधारण ३०० अंशांत भागतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९८८ साली पहिले नियम केले, २०१५ साली ते कडक केले आणि २०२० पासून नव्या मॉडेलच्या धुरातल्या कणांची मर्यादा तासाला २ ग्रॅमवर आणली. पण ही मर्यादा ठरलेल्या चाचणीत, ठरावीक ओलाव्याच्या लाकडावर पाळली जाते. घरी ओलं लाकूड टाकलं तर मशीनवरचं लेबल काय करणार?

म्हणून लाकूड फोडून, वरून झाकून आणि बाजूंनी उघडं ठेवून वाळवावं. हलक्या लाकडाला निदान सहा महिने, ओकसारख्या कठीण लाकडाला वर्ष-दोन वर्षं. ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा. मीटरने मोजताना लाकूड फोडून आतल्या ताज्या बाजूवर मोजावं. रंगवलेलं किंवा औषध मारलेलं लाकूड, प्लायवूड, प्लास्टिक आणि समुद्रातून वाहून आलेलं खारट लाकूड कधीच जाळू नये. मीठ लायनर खातं आणि बाकीच्या वस्तूंचा धूर आपल्याला.

देखभालीचं टाइमटेबल

रोज : काच बघावी. ती भराभर काळी होत असेल तर लाकूड ओलं आहे किंवा हवा कमी पडते आहे. पेटवताना हवा पूर्ण उघडी ठेवावी आणि आग नीट धरल्यावरच हळूहळू कमी करावी. रात्रभर टिकावी म्हणून हवा बंद करून धुमसत ठेवू नये.

आठवड्याला : राख काढावी, पण तळाशी इंचभर ठेवावी. काढलेली राख घट्ट झाकणाच्या लोखंडी बादलीत, घराबाहेर, लाकडी ओट्यापासून लांब ठेवावी. राखेतला निखारा दोन-तीन दिवसही जिवंत राहू शकतो. प्लास्टिकच्या कचरापेटीत टाकलेल्या राखेने घरं जळाली आहेत.

महिन्याला : दाराची दोरीसारखी सील तपासावी. दारात कागदी नोट धरून दार बंद करा आणि ओढा. सहज निघाली तर सील गेली. टोपीची जाळी काजळीने बंद झाली नाही ना, तेही बघावं.

वर्षाला : थंडी सुरू व्हायच्या आधी चिमणी तपासून घ्यावी. थर ३ मिलिमीटर झाला की झाडावाच लागतो. काचेसारखं क्रिओसोट दिसलं तर आग पेटवू नये आणि तज्ज्ञाला बोलवावं.

दोन वेळा पळायचं असतं

चिमणीतून आगगाडीसारखा घरघराट आला तर ती चिमणीतली आग समजावी. दार आणि हवा बंद करून सगळ्यांनी घराबाहेर पडावं आणि फायर ब्रिगेडला फोन करावा. अमेरिकेत नंबर ९११. तापलेल्या पेटीत पाणी ओतू नये, वाफेने माणूस भाजतो.

दुसरा शत्रू आवाजही करत नाही. स्वयंपाकघरातला मोठा एक्झॉस्ट फॅन घरातला दाब काही पास्कलने कमी करतो. आपलं इंजिन ३० पास्कलवर चालतं, हे आठवा. विझत आलेल्या निखाऱ्यांच्या वेळी तर ओढ आणखी कमी असते. मग गॅस उलटा खोलीत येतो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो. म्हणून झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. तो वाजला किंवा सगळ्यांचं डोकं एकदम दुखायला लागलं, तर कारण शोधत बसू नये. आधी बाहेर पडावं.

आपल्याकडे काय?

महाराष्ट्रात फायरप्लेस फारशी नाही, पण चूल आहे. १९८३ ते २००२ या काळात केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालला. त्यात चिमणी असलेल्या चुली गावोगावी बसल्या. पुढे अनेक ठिकाणी चिमणी साफ न झाल्याने ती तुंबली, धूर पुन्हा घरात आला आणि बायकांच्या डोळ्यांत गेला. चूल दिली, पण चिमणी झाडायची कोणी आणि कशी, हे बऱ्याच ठिकाणी ठरलंच नाही. बंद बाथरूममधला गॅस गिझरही याच जातीचा. हवा यायला आणि गॅस जायला वाट नसेल तर तोही कार्बन मोनॉक्साइड करतो.

थोडक्यात काय, जळणारी कोणतीही वस्तू दिसली की पेटीकडे बघून खूश होऊ नका. हवा कुठून येते, धूर कुठून जातो आणि ती वाट शेवटची कधी झाडली, हे तीन प्रश्न विचारा. घरमालकाला विचारायला लाजू नका. उत्तर मिळेपर्यंत स्वेटर घाला!