डिफेन्स हवंय? मग मेटलर्जीकडे बघा

जून उजाडला की प्रश्न ठरलेले असतात. सीईटीचा पर्सेंटाइल हातात आलेला असतो, कॅपच्या फेऱ्या तोंडावर असतात आणि वाशीपासून पनवेलपर्यंतचे पालक एकच विचारतात, "एआय-डेटा सायन्स मिळेल ना?" अलीकडे त्याला शेपूट जोडलं गेलंय : "नाहीच मिळालं तर डिफेन्समध्ये काही? तिकडे आता खूप स्कोप आहे म्हणतात. एरोस्पेस, ड्रोन वगैरे."

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देतो. मॅनेजमेंट कोट्यातून एआयची जागा घेण्यासाठी एफडी मोडू नका. शाखेच्या नावात एआय आहे म्हणून कोणी नोकरी देत नाही. दुसऱ्या प्रश्नाला मात्र थोडी जागा लागेल, कारण तो चुकीच्या टोकाकडून विचारला जातोय. डिफेन्स हे गिऱ्हाईक आहे, शाखा नव्हे. त्या गिऱ्हाइकाला काय लागतं ते बघा, मग शाखा आपोआप दिसेल.

नेहमीचे रस्ते भराभर सांगतो. वर्दी हवी असेल तर बारावीला एनडीए, पदवीनंतर सीडीएस. दहावीनंतरच तयारी सुरू करायची तर राज्य सरकारची छत्रपती संभाजीनगरची एसपीआय आहे. डीआरडीओत शास्त्रज्ञ व्हायचं असेल तर इंजिनिअरिंग आणि गेट. यावर क्लासवाल्यांचे फ्लेक्स पुरेसे बोलतात, मी बोलत नाही.

मी बोलणार आहे ते चिलखताबद्दल : सैनिकाच्या अंगावरच्या आणि गाडीच्याही.

बुलेटप्रूफ जॅकेटमध्ये पुढे बोरॉन कार्बाइडसारख्या सिरॅमिकची पाटी असते. ती गोळीचं टोक फोडते आणि स्वतःही फुटते. मागे अरामिड किंवा पॉलिएथिलिनच्या धाग्यांचे थर असतात, ते उरलेले तुकडे झेलतात. गोळी अडली म्हणजे काम झालं असं नाही. चाचणीत जॅकेटच्या मागे मातीचा ठोकळा ठेवतात आणि त्यात किती खड्डा पडला ते मोजतात. अमेरिकेच्या मानकात ४४ मिलिमीटरपेक्षा खोल खड्डा पडला तर जॅकेट नापास, कारण गोळी अडूनही बरगड्या मोडू शकतात. आपल्याकडेही २०१८पासून आयएस १७०५१ हे स्वतंत्र मानक आहे. वाशीच्या खाडीपलीकडे ट्रॉम्बेला बीएआरसीने तयार केलेलं 'भाभा कवच' हैदराबादची मिधानी ही सरकारी कंपनी बनवते. यात एरोस्पेस कुठे आहे? सिरॅमिक आहे, धागा आहे, धातू आहे.

गाडीचं चिलखतही तसंच. हे पोलाद तापवून, झटक्यात थंड करून, पुन्हा मोजकं तापवून कडक केलेलं असतं. वेल्डिंगची उष्णता लागली की जोडाशेजारची पट्टी मऊ पडते. जोडात हायड्रोजन शिरला तर संध्याकाळी ठणठणीत दिसणाऱ्या जोडाला सकाळी तडा गेलेला असू शकतो. तळोज्याच्या जुलैतल्या हवेत उघडा राहिलेला इलेक्ट्रोड ओव्हनमध्ये भाजून कोरडा केल्याशिवाय वापरायचा नसतो. तो वापरू न देणारा वेल्डिंग इन्स्पेक्टर आत बसलेल्या जवानांचा जीव सांभाळत असतो. त्याच्या पदवीवर बहुतेकदा मेटलर्जी किंवा प्रॉडक्शन लिहिलेलं असतं.

हे शिकवतात कुठे? पुण्याच्या सीओईपीत आणि नागपूरच्या व्हीएनआयटीत मेटलर्जी आहे (व्हीएनआयटीसाठी जेईई लागते). टेक्स्टाइल माटुंग्याच्या व्हीजेटीआयला, इचलकरंजीच्या डीकेटीईला, नांदेडच्या एसजीजीएसला आहे. फायबर आणि पॉलिमरसाठी माटुंग्याचीच आयसीटी. दहावीचं मूल असेल तर पुण्याच्या शासकीय तंत्रनिकेतनात मेटलर्जीचा डिप्लोमा आहे, आणि डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. या शाखांचे कट-ऑफ कॉम्प्युटरपेक्षा बरेच खाली असतात. पालक त्याला कमीपणा समजतात. मी संधी समजतो.

आता या धंद्याचा इतिहास, कारण त्यातच खरा सल्ला आहे. अमेरिकेत १९६९ मध्ये अमेरिकन बॉडी आर्मर नावाची जॅकेटची कंपनी निघाली. १९९२ मध्ये दिवाळखोरीत गेली. १९९६ मध्ये नव्या मालकाच्या हाती आली आणि पुढे आर्मर होल्डिंग्ज म्हणून वाढली. २००१ मध्ये तिने हमवी गाड्यांना चिलखत चढवणारी ओ'गारा-हेस अँड आयझेनहार्ट घेतली, २००६ मध्ये लष्करी ट्रक बनवणारी स्टुअर्ट अँड स्टीव्हन्सन. २००७ मध्ये ब्रिटनच्या बीएई सिस्टिम्सने ही सगळीच कंपनी गिळली. अडतीस वर्षांत नाव पुसलं गेलं.

मधल्या काळात झायलॉन नावाच्या धाग्याचं प्रकरण झालं. हलका आणि मजबूत म्हणून त्याची जॅकेटं धडाधड खपली. २००३ मध्ये पेनसिल्व्हेनियात एका पोलिसाच्या अंगावरच्या अशा जॅकेटमधून गोळी आरपार गेली. ते जॅकेट सेकंड चान्स कंपनीचं होतं, पुढे तिचंही दिवाळं निघालं आणि तिची मालमत्ता आर्मर होल्डिंग्जनेच घेतली. उष्णतेने आणि ओलाव्याने धागा कमजोर होत होता. २००५ मध्ये सरकारी तपासणीत वापरलेल्या जॅकेटांपैकी निम्म्याहून अधिक नापास झाली आणि झायलॉनच्या जॅकेटांची मान्यता गेली. आर्मर होल्डिंग्जनेही झायलॉनची जॅकेटं विकली होती, त्यापायी २००८ मध्ये तीन कोटी डॉलर मोजावे लागले. जॅकेट नवं असताना चाचणीत पास होतं. प्रश्न होता तो घामाचा आणि दमट हवेचा, म्हणजे थेट आपल्या कोकणपट्टीचा. असा धागा पावसाळ्यानंतर किती उरतो, हे सांगणारा माणूस कोणत्याही कंपनीला लागतो.

घराजवळचं उदाहरण बघा. तळोजा एमआयडीसीतला भारत इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना १९८६ मध्ये टीव्हीच्या पिक्चर ट्यूबची काच बनवायला उभा राहिला. ती काच इतिहासजमा झाली. आज तिथे सैन्याच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ठेवायचे, गाडीवर चढवायचे शेल्टर आणि मास्ट बनतात. महिंद्राची सुरुवात १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारातून झाली, मग जीप आली, २६/११ नंतर मार्क्समन ही चिलखती गाडी, आणि मार्च २०२१ मध्ये १,३०० हलक्या लष्करी गाड्यांची १,०५६ कोटींची ऑर्डर. माल बदलतो, पाटी बदलते. पत्रा, काच, धागा आणि जोड समजणारा माणूस पुढच्या मालालाही चालतो.

आता कडू भाग. इथे ऑर्डर सरकारच्या मर्जीने येतात. एप्रिल २०१८ मध्ये १ लाख ८६ हजार जॅकेटांची ६३९ कोटींची ऑर्डर एकाच कंपनीला गेली, बाकीचे बघत बसले. कारखाने तळोजा-अंबरनाथला आहेत, पण जबलपूर, मेदक, आवडी, कानपूरलाही आहेत. सुरुवातीचा पगार आयटीतल्या भाचीपेक्षा कमी असेल. मूल पाम बीच रोडच्या बाहेर जाऊच नये असं वाटत असेल तर हा रस्ता तुमचा नाही. म्हणूनच 'डिफेन्स' पदवी नको, मेटलर्जी घ्या : सैन्याने ऑर्डर दिली नाही तर रेल्वे, वाहनउद्योग, फाउंड्री आहेत. टेक्स्टाइलवाल्याला टायर कॉर्ड आणि हॉस्पिटलचं कापड आहे.

शेवटचं पालकांना, आणि गोड न करता. ऑप्शन फॉर्मचा ओटीपी बाबांच्या मोबाइलवर येतो, पसंतीक्रम बाबा टाकतात आणि मूल शेजारी बसून मान डोलावतं, हे मी दर हंगामात बघतो. पहिल्या पसंतीची जागा पहिल्या फेरीत लागली की ती घ्यावीच लागते, तेव्हा तो क्रम गंमत नव्हे. "मेटलर्जी म्हटलं तर नातेवाइकांना काय सांगू?" असं विचारणारी आई आणि "मुलगी शॉपफ्लोअरवर कशी जाईल?" म्हणणारे काका, दोघांनाही माझं एकच उत्तर आहे : नातेवाईक थर्ड सेमिस्टरची परीक्षा द्यायला येणार नाहीत. मुली शॉपफ्लोअरवर जातात आणि काम चोख करतात.

फॉर्म भरण्याआधी दोन कामं करा. ज्या तीन शाखा मनात आहेत त्यांच्या दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि मुलाला तो वाचून कुठला विषय आवडेल ते विचारा. मग ओळखीच्या कुणाच्या तरी वर्कशॉपमध्ये किंवा टेस्टिंग लॅबमध्ये त्याला एक दिवस उभं करा. संध्याकाळी तो प्रश्न घेऊन घरी आला तर शाखा सापडली. नुसताच कंटाळून आला तरी बिघडत नाही, चार वर्षं वाचली. त्यानंतर मोबाइल आणि पासवर्ड त्याच्या हातात द्या आणि खोलीबाहेर जा.