पावसात आईचं जेवण सुटतं

प्रश्न : २२ जुलै २०२१ च्या पुरात आई रात्रभर माळ्यावर अडकली होती. अजूनही पावसाचा जोर वाढला की तिचं जेवण सुटतं, ताट पाहून मळमळतं. घरचे म्हणतात, नाटकं करते. तिला मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. काय करावं?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : ही नाटकं नाहीत, हे आधी घरात सगळ्यांना सांगा. धोका जाणवला की शरीर जीव वाचवायच्या तयारीला लागतं. तोंड कोरडं पडतं, पचन मंदावतं, भूक मरते. त्या रात्रीचा पाऊस आईच्या शरीरात अजून जागा आहे.

अशा दिवसांत ताट वाढूच नका. उकड्या तांदळाची मऊ पेज, चवीला मीठ, वर चमचाभर तूप. दर दोन-तीन तासांनी चार-सहा चमचे गेले तरी पुष्कळ. जमेल तसं ताक, मेतकूट-भात. फोडणीचा वास सोसत नसेल तर कोमट, बिनवासाचं द्या. शेजारी बसून तुम्हीही खा, पण ‘अजून एक घास’ हा आग्रह नको.

खरी काळजी गोळ्यांची. काही गोळ्या उपाशीपोटी घेतल्या तर साखर धोकादायक उतरते. अशा दिवसांचा डोस डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. मनाने बंद करू नका. घाम, थरथर दिसली आणि आई शुद्धीवर असेल तर लगेच साखरपाणी द्या. पाणीही पोटात ठरेना, लघवी कमी झाली, तर थेट रुग्णालय गाठा.

भीतीवरही उपचार आहेत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. पुढच्या पावसाची वाट न पाहता आईला आत्ताच दाखवा.