बिलावरचा ‘डिस्क्रिप्शन’

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा एक कारखाना. मामा तिथे हिशेब बघतात, भाची नुकतीच बिलं करायला लागली आहे. जेवणाच्या सुट्टीत माग थांबले की दोघांचं बोलणं एकमेकांना ऐकू येतं.

भाची : मामा, बिलावर मालाच्या रकान्याला ‘डिस्क्रिप्शन’ म्हणतात, त्यात पी. पण ‘डिस्क्राईब’मध्ये बी. असं का?

मामा : मूळ लॅटिन आहे. ‘स्क्रीबेरे’ म्हणजे लिहिणं, ‘स्क्रिप्टुम’ म्हणजे लिहिलेलं. ब मृदू, त कठोर. पुढे त आला की ब टिकत नाही, त्याचा प होतो. आपल्याकडे ‘भज्’ला त लागून ‘भक्त’ होतो, ‘त्यज्’चा ‘त्यक्त’ होतो, तसंच हे. क्रियापदात बी आणि नामात पी, एवढं ध्यानात ठेव. सबस्क्राईब, सबस्क्रिप्शन. प्रिस्क्राईब, प्रिस्क्रिप्शन.

भाची : म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठीही यातलीच?

मामा : त्यातलीच. ‘प्रि’ म्हणजे आधी. आधी लिहून द्यायचं, मग औषध. ‘सब’ म्हणजे खाली. कागदाखाली नाव लिहिलं की माणूस शब्दाला बांधला गेला. अमुक रक्कम देईन म्हणून सही करायची, त्यातून वर्गणी हा अर्थ आला. ‘डि’ म्हणजे खाली उतरवणं, आपण मजकूर उतरवून घेतो तसं. आणि ‘मॅन्यु’ म्हणजे हात. मॅन्युस्क्रिप्टला आपला ‘हस्तलिखित’ अक्षरशः जुळतो.

भाची : मग ‘टेक्स्ट’? तोही लिहिण्याचाच शब्द ना?

मामा : अर्थ लिहिण्याचा, पण धातू वेगळा. ‘टेक्सेरे’ म्हणजे विणणं. समोरच्या पाट्यांवर ‘टेक्स्टाईल’ दिसतं ना, ते त्याच धातूचं. रोमन लोकांना वाक्यं गुंफणं आणि कापड विणणं एकाच जातीचं काम वाटलं. चादरी-टॉवेलांच्या या वसाहतीत मला ते पटतं.

भाची : आणि ‘स्क्रीबेरे’चा अगदी पहिला अर्थ?

मामा : ओरखडणं, कोरणं. शाईच्या आधी टोकदार हत्यार होतं. आपला ‘लिख्’ धातूही तसाच, मूळ अर्थ ओरखडणंच. त्यापासून लेख, लेखणी, आलेख, उल्लेख. ते धातूला उपसर्ग जोडतात, आपणही जोडतो. म्हणून हे शब्द पाठ करायची गरज नाही, जोड ओळखता आली की पुरे. ‘इन’ म्हणजे आत, म्हणून दगडात कोरलेलं ते इन्स्क्रिप्शन. तसा एक लेख आपल्या जिल्ह्यातच आहे. हत्तरसंग कुडलला, भीमा-सीनेच्या संगमावरच्या देवळात.

भाची : संगमावर गेलेय मी, पण लेख नाही पाहिला.

मामा : मग पुन्हा जा. शके 940, म्हणजे इसवी सन 1018. मराठीतल्या सगळ्यात जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. हा लेख जो वाचेल तो विजयी होईल, अशा अर्थाची ओळ आहे त्यात. कोरणाऱ्यानं हजार वर्षांपूर्वी वाचणाऱ्याची आठवण ठेवली, याचं मला फार अप्रूप वाटतं. शाळांच्या सहली तिकडे जायला हव्यात.

भाची : या कुटुंबात वाईट शब्द एकही नाही का?

मामा : आहे की, ‘प्रोस्क्राईब’. इथे ‘प्रो’ म्हणजे लोकांसमोर. इसवी सनापूर्वी 82 मध्ये सुल्ला या रोमन सेनापतीनं रोममध्ये आपल्या शत्रूंची नावं लिहून चारचौघांत लावली. यादीत नाव आलं की त्या माणसाला कोणीही मारावं, वर बक्षीस घ्यावं, त्याची मालमत्ता जप्त. पुढे शब्दाचा अर्थ ‘बंदी घालणं’ असा झाला, आणि इंग्रज सरकारनं तो आपल्या पुस्तकांवर चालवला. सावरकरांनी 1857 च्या उठावावर मराठीत ग्रंथ लिहिला. 1909 साली त्याचं इंग्रजी भाषांतर निघायचं होतं. बाहेर पडायच्या आधीच सरकारनं त्यावर बंदी घातली.

भाची : न वाचताच?

मामा : छापून बाहेर पडायच्या आधीच, एवढं खरं. तरी लोकांनी तो लपवून आणला आणि वाचला.