आठवीचे पसंतीपत्र

नाशिकच्या एका माध्यमिक शाळेत आठवीचा वर्गशिक्षक म्हणून माझ्या सेवेची बहुतेक वर्षे गेली, आणि दर जून महिन्यात शाळा उघडली की हजेरीपट मांडण्याच्याही आधी मुलांकडून एक पसंतीपत्र भरून घेण्याचे काम माझ्याकडे येई. त्यावर प्रश्न एकच असे : संपूर्ण हिंदी, संपूर्ण संस्कृत, की दोहोंना पन्नास-पन्नास गुण असलेला संयुक्त अभ्यासक्रम? उत्तर तेरा वर्षांच्या मुलाने लिहावयाचे, त्याखाली पालकाने स्वाक्षरी करावयाची, आणि त्या कागदावरून कचेरीने तुकड्या पाडावयाच्या, असा शिरस्ता होता. इतक्या कोवळ्या वयात विषय निवडण्याची पात्रता मुलांच्या अंगी असते काय, असे पालक तेव्हाही विचारीत आणि सेवानिवृत्तीनंतर आजही विचारतात. मला वाटते, मुलाच्या वयाची चौकशी करण्यापूर्वी त्या निवडीचीच चौकशी करावी. जी निवड पुढे फिरविता येते ती तेराव्या वर्षी खुशाल करू द्यावी, आणि जी फिरविता येत नाही तिच्यापाशी मात्र मुलाइतकेच त्याच्या वडीलधाऱ्यांनीही दहा वेळा थांबावे.

पसंतीपत्राच्या पाठीमागे ‘हाच विषय का?’ याचे कारण एका वाक्यात लिहून आणण्यास मी सांगत असे, आणि ती वाक्ये वाचता वाचता माझी अशी खात्री झाली की, मुले आपल्या मनाविषयी खरेच सांगतात, परंतु ज्या विषयाबद्दल ती लिहितात तो त्यांनी बहुधा पाहिलेलाच नसतो. संस्कृत घेणाऱ्यांपैकी पुष्कळांनी ‘त्यात पैकीच्या पैकी गुण पडतात’ असे लिहिलेले असे. ते निराधारही नव्हते. दहावीच्या सहा विषयांपैकी उत्तम पाचांचे गुण धरून टक्केवारी काढण्याची पद्धत २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयात मान्य झाल्यापासून गुण देणाऱ्या विषयाचे मोल घरोघरी अधिकच वाढले होते. दुसरा मोठा वर्ग जिवलग मित्राच्या पाठोपाठ जाणाऱ्यांचा, आणि तिसरा, सातवीला शिकविणाऱ्या बाई प्रेमळ होत्या म्हणून त्यांचा विषय घेणाऱ्यांचा, जरी आठवीला त्या बाई येणारच नव्हत्या. शब्द चालविणे, संधी सोडविणे, समास ओळखणे यांत आपल्याला गोडी वाटेल काय, एवढा विचार केलेली मुले वर्गात थोडीच निघत.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. वर्गात ‘हात वर करा’ म्हणून घेतलेली पसंती आणि दोन दिवसांनी घरून लिहून आणलेली पसंती यांत वारंवार फरक पडे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी पौगंडावस्थेचा जो अभ्यास केला आहे त्याचा निष्कर्ष याच्याशी जुळतो : सोळाव्या वर्षाच्या सुमारास मूल शांतपणे, सवडीने विचार करू शकेल अशा प्रसंगी त्याची विवेकशक्ती प्रौढांच्या बरोबरीस येते, परंतु समवयस्कांच्या सान्निध्यात आणि मनाच्या उत्तेजित अवस्थेत ती ढळते. आपल्याकडे मात्र निवड मागितली जाते ती त्याहून दोन-तीन वर्षे आधी, आणि तीही भरल्या वर्गात.

अर्थात हे अज्ञान केवळ मुलांचे असते असे मानण्याचे कारण नाही. अकरा इयत्तांची जुनी एस.एस.सी. होती त्या काळात बीजगणित-भूमितीच्या ऐवजी सोपे अंकगणित घेण्याची मुभा असे, आणि मुलीला एवढे पुरे, अशा समजुतीने घरच्या मंडळींनी माझ्या थोरल्या बहिणीचे नाव तिकडे घातले. तिला कोणी विचारले नाही. विचारले असते तरी तिने हो म्हटले असते. पुढे परिचारिकेपेक्षा निराळे, प्रयोगशाळेतील काही शिकावे असे तिच्या मनाने घेतले तेव्हा महाविद्यालयाच्या खिडकीवरील कारकुनाने गुणपत्रक परत दिले, कारण विज्ञानशाखेस लागणारे गणित त्यात नव्हते. निर्णय घेणारे सर्व प्रौढ होते, हितचिंतक होते. एक दार कायमचे लागत आहे एवढे मात्र त्यांतील कोणास ठाऊक नव्हते.

या दारांचा विचार देशपातळीवरही उलटसुलट झालेला आहे. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळांची शिफारस करून मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, शेती, ललित कला आणि गृहशास्त्र अशा सात गटांतून माध्यमिक विद्यार्थ्याने आपला गट निवडावा असे सुचविले. त्यानंतर दहा-बारा वर्षांनी, ज्याचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक होते त्या कोठारी आयोगाने, दहावीपर्यंत सर्वांना समान शिक्षण द्यावे आणि विशेषीकरण त्यानंतर करावे, असा उलट कौल दिला. महाराष्ट्रात १९७५ साली दहावीची पहिली एस.एस.सी. परीक्षा झाली ती त्याच विचाराच्या छायेत. एक आयोग मुलाच्या आवडीस मान देत होता, दुसरा त्याच्या अपरिपक्वतेस आधार देत होता. आणि मला विचाराल तर दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते.

मधली काही वर्षे नववी-दहावीस बीजगणित-भूमितीच्या जागी ‘सामान्य गणित’ घेण्याची सवलत होती, ती नव्या अभ्यासक्रमाबरोबर बंद झाली. त्या वर्षांतला ओझरकडून बसने येणारा एक विद्यार्थी मला आठवतो. हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या धावपट्टीवरून उडणारी सुखोई विमाने पाहत तो वाढला होता, तरी भूमितीच्या प्रमेयांचा त्याने धसका घेतलेला होता. घरच्यांच्या संमतीने त्याने सामान्य गणित घेतले, दहावीस उत्तम टक्केवारी मिळविली, पेढे वाटले, आणि वाणिज्यशाखेत गेला. बारावीच्या वर्षी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची जाहिरात हाती आल्यावर त्याला कळले की, भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते, परंतु वायुदल आणि नौदल यांसाठी बारावीस भौतिकशास्त्र व गणित अनिवार्य आहे. आज तो एका हिशेबतपासनिसाच्या कचेरीत समाधानाने काम करतो, आणि त्याच्या आयुष्याचे वाटोळे झाले असे मी मुळीच म्हणणार नाही. पण चौदाव्या वर्षी गणिताच्या भीतीला जे उत्तर त्याने दिले, ते नकळत विमानाच्या ओढीलाही दिले गेले.

आवड शोधण्याचे शास्त्रीय साधन म्हणून शासनाने २०१६ मध्ये दहावीच्या विद्यार्थ्यांची कल-मापन चाचणी सुरू केली. तिच्यातही क्षेत्रे सातच होती : कृषी, वाणिज्य, कला, ललित कला, आरोग्य विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा, मुदलियारांच्या सात गटांपैकी पाच जवळजवळ जसेच्या तसे. ही चाचणी उपयुक्त होती, परंतु कल निराळा आणि क्षमता निराळी, हे ध्यानात न घेता काही पालक तो अहवाल जन्मपत्रिकेसारखा वाचीत, आणि काही त्याची घडी करून दप्तरी दाखल करीत. अहवाल हा संभाषणाचा आरंभ समजावा. ‘गणवेशधारी सेवा’ असे आले तर मुलाला तो गणवेश आवडतो, शिस्त आवडते, की घरापासून दूर जाणे आवडते, हे त्याच्याशी बोलूनच कळेल.

आता, ज्यांच्या घरी हा प्रसंग येऊ घातला आहे त्यांच्यासाठी दोन शब्द.

स्वाक्षरी करण्यापूर्वी एका कागदावर लिहून काढावे की, या निवडीने कोणती वाट बंद होते. आठवीच्या तिसऱ्या भाषेने सहसा कोणतीच होत नाही, म्हणून तेथे मुलाला मोकळे सोडावे आणि मित्राच्या मागे गेला तरी कपाळाला आठ्या घालू नयेत. अकरावीची गोष्ट वेगळी. तेथे दोनशे गुणांचा द्विलक्ष्यी विषय, मग तो इलेक्ट्रॉनिक्स असो वा संगणकशास्त्र, घेताना बहुधा जीवशास्त्र सुटते, आणि जीवशास्त्र सुटले की वैद्यकाची वाट अडते. २०२३ च्या अखेरीस राष्ट्रीय वैद्यक आयोगाने बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून जीवशास्त्र देण्यास मान्यता दिली असली, तरी तो वळसा लांबचा आणि कष्टाचा आहे.

दुसरे, विषयाचे नाव दाखवू नये, विषय दाखवावा. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात; पुढच्या वर्षीच्या पुस्तकातील एक संपूर्ण पाठ मुलाने स्वाध्यायासह करून पाहावा. कंटाळा आला तर तो कष्टाचा आहे की विषयाचा, हे त्यालाच विचारावे. त्याचप्रमाणे त्या विषयावर पोट भरणाऱ्या माणसाला भेटवावे, आणि त्यासाठी नाशिकइतकी सोय क्वचितच कोठे असेल. सातपूर-अंबडच्या कारखान्यातील यंत्रज्ञ भूमिती कोठे वापरतो ते दाखवील, आणि निफाड-दिंडोरीचा द्राक्ष निर्यातदार सांगेल की, युरोपात माल पाठवायचा तर औषधांच्या अवशेषांची मर्यादा पाळावी लागते आणि त्यामागे सारे रसायनशास्त्र आहे. ‘मला शेती आवडते, विज्ञान नको’ असे म्हणणारा मुलगा अशा एका दुपारी पुष्कळ शिकतो.

तिसरे, निर्णय वर्गात किंवा पालकसभेच्या गर्दीत घेऊ नये. घरी, सवडीने, मध्ये दोन रात्री जाऊ देऊन घ्यावा. आणि प्रथम सत्र संपण्यापूर्वी एकदा मुलाजवळ बसून ‘अजूनही हाच हवा का?’ असे विचारावे. मंडळाकडे नावे जाण्यापूर्वी विषय बदलून देण्यास बहुतेक मुख्याध्यापक तयार असतात, मात्र अर्ज मुदतीत हवा.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला, विज्ञान आणि व्यवसायशिक्षण यांमधील भिंती काढून नववीपासून बारावीपर्यंत निवडीस अधिक वाव देण्याचे ठरविले आहे. मी त्याचे स्वागत करतो. परंतु वाव वाढला की चौदा वर्षांच्या मुलापुढील प्रश्नही वाढतात, आणि शहरातील शाळेत दहा विषय शिकविणारे शिक्षक असले तरी पेठ-सुरगाण्याच्या शाळेत ते असतीलच असे नाही. तेथील मुलाने जे उपलब्ध आहे तेच ‘निवडले’ असे पुढे कोणी म्हणू नये.

इतके करूनही निर्णय होत नसेल, तर ज्या विषयाने सर्वांत अधिक वाटा मोकळ्या राहतात तो, अंगाला झेपत असेल तर, एक वर्ष घ्यावा, आणि झेपत नसेल तर तसे स्पष्ट म्हणण्याची मुभा मुलाला द्यावी. माझ्या पाहण्यातली जी मुले पुढे सुखी झाली, त्यांपैकी अनेकांनी पहिली निवड बदललेली होती. बदलू शकली, कारण घरातील कोणीतरी परतीची वाट कोणती आणि तिची मुदत केव्हा संपते याची वेळीच चौकशी करून ठेवली होती.